रविवारची बिळं

दीनाबाई रोहेकरांची एक खोड सगळ्या संशोधन केंद्राला माहीत होती. कुणी आकडा सांगितला की त्या चष्म्यावरून बघत विचारायच्या, ‘‘कुठल्या चिखलातून आणलास?’’ पुस्तकातून उचललेला आकडा त्यांना चालत नसे, त्याला चिखल लागलेला हवा. आणि अशा बाईंच्या जन्माचा सगळ्यात मोठा आकडा निवृत्तीला अठरा दिवस उरलेले असताना खोटा निघावा, याला काय म्हणायचं!

तो आकडा होता एकतीस. पेणच्या खाडीकाठची भातशेती उधाणाच्या पाण्यापेक्षा खाली आहे. समुद्राला बाहेर थोपवून धरतो तो चिखलाचा बांध. त्या बांधाला भगदाड पाडतो खेकडा. बिळातून आधी पाणी झिरपतं, मग वाहतं, आणि एखाद्या अमावास्येच्या भरतीला अख्खा बांध फुटतो. त्याला तिकडे ‘खांड गेली’ म्हणतात. खांड गेली की शेतात खारं पाणी शिरतं आणि पुढची तीन वर्षं त्या मातीत भात उगवत नाही. दीनाबाईंनी तेहतिसाव्या वर्षी काळेखार नावाच्या गावात दोन वर्षं मुक्काम ठोकून तिथली बिळं मोजली. बांधासमोर तिवरांची, म्हणजे खारफुटीची, दाट झाडी असेल, तर मुळांत अडकलेल्या गाळाने शंभरातली एकतीस बिळं आठवड्याभरात आपोआप बुजतात, हे त्यांनी त्यातून शोधून काढलं. माणसाने हात न लावता.

या एकतिसावर त्यांनी संगणकात एक खाडी उभी केली. तिच्यात भरती होती, गाळ होता, तिवरं होती, खेकडे होते, बांध होता. बटण दाबलं की दहा मिनिटांत पन्नास वर्षं सरायची आणि कुठला बांध टिकेल, कुठला जाईल ते समजायचं. ही खाडी फार गाजली. लांबलांबच्या देशांतले लोक आपापल्या किनाऱ्याला ‘रोहेकर गुणक’ लावू लागले. दीनाबाईंचा भाऊ रूबेन तीस वर्षांपूर्वी इस्राएलला गेला, तिथल्या एका परिषदेत कुणीतरी त्याच्या आडनावावरून त्याला विचारलं, ‘त्या खेकडेवाल्या बाईंचे तुम्ही कोण?’ तेव्हा तो फोनवर पोटभर हसला होता. घरात खेकडा कधी शिजला नाही, ताटात आला नाही आणि नाव मात्र खेकड्यावर झालं!

आता सरकारने एक समिती नेमली होती. तिवरं दाट आहेत तिथे बांधांची डागडुजी बंद करायची आणि ती माणसं दुसरीकडे लावायची, असा बेत होता. दीनाबाईंच्या खाडीने अकरा बांधांची यादी काढून दिली होती. यादीत पहिलं नाव काळेखारचं. शुक्रवारी पेणला बैठक होती. तिथे त्यांनी अहवाल मांडायचा, सही करायची आणि टाळ्या घेऊन मोकळं व्हायचं.

मंगळवारी दुपारी किमया त्यांच्या खोलीत आली. किमया ही गडब गावची, हायवेवर वडिलांचं दुकान, पोरगी हुशार आणि जिभेने तिखट. बाईंच्या निरोप समारंभात मांडायला म्हणून ती त्यांच्या जुन्या वह्या संगणकात भरत होती. आजवर संगणकात गेल्या होत्या त्या आठवड्याच्या सरासऱ्या. रोजची मोजणी वह्यांतच पडून होती.

‘‘मॅडम, एक विचारू? रागावणार नाही ना?’’

‘‘रागवायचं की नाही ते ऐकल्यावर ठरवते.’’

किमयाने पडद्यावर आलेख दाखवला. बिळांची रेघ रविवारी खाली, मग सोमवार ते शुक्रवार हळूहळू वर, आणि पुढच्या रविवारी पुन्हा धाडकन खाली. दोन वर्षं, शंभर आठवडे, एकसारखं.

‘‘भरतीमुळे असेल,’’ दीनाबाई म्हणाल्या. पण तसं नाही, हे त्यांना स्वतःलाच ठाऊक होतं. उधाण येतं पुनवेला आणि अवसेला. भरती पंधरवड्याने चढते, पंधरवड्याने उतरते. चिखलाला, खेकड्याला, तिवराला सोमवार-मंगळवार कुणी शिकवलेला नाही. सात दिवसांनी वागतो तो एकटा माणूस.

‘‘शनिवारी नोंदच नाही कुठे,’’ किमया हळूच म्हणाली.

‘‘शनिवारी मी नसायचे तिथे.’’

नसायच्याच. शुक्रवारी दुपारी त्या काळेखारहून निघून रोह्याला आईवडिलांकडे यायच्या. वडील एलिजा रोहेकर, बेने इस्राएली ज्यू. त्यांच्या बापजाद्यांचा तेलाचा घाणा, आणि शनिवारी तो बंद, म्हणून साऱ्या पंचक्रोशीत त्यांना शनवार तेली म्हणत. दीना शिकली, शास्त्रज्ञ झाली, पण शनिवार तिने कधी सोडला नाही. त्या दिवशी काम नाही, प्रवास नाही, हातात पेनसुद्धा नाही. रविवारी पहाटेच्या गाडीने त्या पुन्हा बांधावर हजर होत. आपल्या पाठीमागे त्या एका दिवसात काय होत असेल, असा प्रश्न या आकड्यांच्या झडत्या घेणाऱ्या बाईला सव्वीस वर्षांत एकदाही पडला नव्हता.

बुधवारी सकाळी त्या एकट्याच काळेखारला निघाल्या. रोह्याहून पेणपर्यंत गाडी, पेणहून जोह्याची एसटी, आणि पुढे रिक्षा. जोह्यात गणपतींच्या कारखान्यांतून रंगाचा वास रस्त्यापर्यंत आला होता. काळेखारला जिच्या घरी त्या राहायच्या, त्या धोंडुबाईचा मुलगा पुंडलिक तिथेच कामाला होता, आणि आषाढ सरत आला असल्याने त्याला मान वर करायला फुरसत नव्हती. ‘‘आई घरीच हाय,’’ तो ब्रश न ठेवता म्हणाला. ‘‘गुडघ्यानं बसवलीय तिला. तुमाला बघून उठंल बगा.’’

धोंडुबाई खरंच उठली. ऐंशीच्या घरातली बाई, दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली आणि तिने दीनाबाईंच्या गालांवरून दोन्ही हात फिरवले. ‘‘आलीस गो बाय! किती वाळलीस. चाय ठेवते.’’

मोजणीच्या काळात याच घराच्या पडवीत दीनाबाई दोन वर्षं राहिल्या होत्या. काळेखारची रीत अशी की बांध साऱ्या गावाचा, पण प्रत्येक घराला त्यातला आपापला वाटा वाटून दिलेला. आपल्या वाट्यातलं बीळ आपण बुजवायचं. ज्याच्या वाट्यात खांड गेली, त्याच्याकडे पुढची कित्येक वर्षं लग्नकार्यातही लोक तिरकं बघत. धोंडुबाईच्या घराचा वाटा दोनशे पावलांचा होता आणि समोर तिवरं दाट, म्हणून दीनाबाईंनी नेमका तोच मागून घेतला होता. दोन्ही टोकांना लाल खुंट्या ठोकून त्यांनी सांगितलं होतं, ‘मावशी, माझं काम होईपर्यंत इथे कुणी हात लावायचा नाही.’ धोंडुबाईने मान डोलावली होती.

चहा झाला. दीनाबाईंना आडवळणाने विचारणं कधी जमलंच नाही.

‘‘मावशी, त्या दोन वर्षांत तू माझ्या खुंट्यांच्या आतली बिळं बुजवत होतीस?’’

धोंडुबाई चोरी पकडल्यासारखी दचकली नाही की काही नाही. उलट तिचा चेहरा खुलला. इतक्या वर्षांनी कुणाला तरी कळलं, याचाच तिला आनंद झाला असावा.

‘‘व्हय तर! शनवारच्या शनवारी.’’

‘‘मी हात लावू नको म्हणाले होते ना?’’

‘‘तू हाय तवर लावला का कवा? येक बोट तरी? शनवारी तू नसायचीस. शनवार तुज्या देवाचा, त्यात तुजा काय काम नाय. मंग तो दिवस माजा.’’ ती पुढे सरकली. ‘‘आनि असा बुजवायची का तुला कलू नये. वर तिवराखालचा चिखल सारवायची, पावलाचा ठसा पन ठेवत नव्हते. तू आयतवारी यायचीस, बिलं मोजायचीस, नि तुजा तोंड कसा फुलायचा! म्हनायचीस, मावशी, आपोआप बुजली गो, आपोआप! मी म्हनायची, व्हय बाय, आपोआप.’’

दीनाबाईंचा संताप मस्तकात गेला. त्या ताडकन उठल्या. ‘‘अगं पण का? माझं सगळं आयुष्य त्याच्यावर उभं आहे! जगभर लोक ते खरं मानून चाललेत!’’

म्हातारी त्यांच्याकडे बघतच राहिली. जगभराचं तिला काही समजलं नाही, पण आयुष्य हा शब्द समजला.

‘‘खांड गेली असती तर?’’ ती हळू आवाजात म्हणाली. ‘‘सगला गाव तुज्या नावानं शंख करीत आला असता. परक्या बाईनं खुंट्या ठोकल्या नि गाव बुडवला, असा बोलले असते. लेकीच्या वयाची होतीस. माज्या पडवीत झोपायचीस. मी बघत बसू?’’

दीनाबाई पुन्हा खाली बसल्या. रविवारी सकाळी या घराच्या मागे खेकड्यांच्या कवचांचा ढीग पडलेला असायचा, तो त्यांना आता आठवला. दर रविवारी दिसायचा. बुजवताना सापडलेल्या चिंबोऱ्यांचं शनिवारी रात्री कालवण व्हायचं. आपल्याकडे खात नाहीत म्हणून त्या नाकाला पदर लावून, तोंड फिरवून पुढे जायच्या. शास्त्रज्ञाच्या दाराशी पुरावा आठवड्याला येऊन पडत होता आणि शास्त्रज्ञ त्याच्यावरून उडी मारून बिळं मोजायला जात होती. त्यांना हसू आलं आणि मागोमाग रडूही आलं. त्या दोन्ही लपवत बसल्या नाहीत.

‘‘आता कोण बुजवतं?’’ डोळे पुसून त्यांनी विचारलं.

‘‘दोन वरसं झाली, गुडगा वाकत नाय. पुंडलिक कारखान्यात. बाकीच्यांची पोरं कंपनीत, शिफ्टला. कोनी नाय बुजवत गो.’’

दीनाबाई बांधावर गेल्या. लाल खुंट्या कधीच कुजून गेल्या होत्या, पण दोनशे पावलं त्यांना डोळे मिटून सापडली असती. त्यांनी बिळं मोजली. एकशे अठ्ठेचाळीस. त्यांच्या वह्यांत सगळ्यात वाईट दिवशीही छप्पन्नच्या वर नोंद नव्हती. बांधाच्या आतल्या अंगाला, नुकत्या लावलेल्या भाताच्या बाजूला, तीन ठिकाणी चिखल ओला होता. बोटाने चाखला तर खारट.

गुरुवारी त्यांनी किमयाला एकतीस काढून तिथे शून्य टाकायला सांगितलं आणि खाडी पुन्हा चालवली. यादीतल्या अकरा बांधांपैकी नऊ पाच वर्षांच्या आत फुटले. काळेखारचा पहिल्याच वर्षी.

किमयाचा प्रबंधही त्याच एकतिसावर उभा होता, तीन वर्षांची मेहनत. दीनाबाईंना स्वतःपेक्षा त्या पोरीचं वाईट वाटत होतं.

‘‘आलेख तूच दाखवलास,’’ त्या म्हणाल्या. ‘‘नसता दाखवलास तर मी उद्या सही करून मोकळी झाले असते. माझ्याबरोबर तुझंही जाणार आहे, म्हणून विचारते. बोलू?’’

किमयाचे डोळे भरले होते, पण जीभ ताळ्यावर होती. ‘‘मॅडम, तुम्हीच विचारता ना, कुठल्या चिखलातून आणलास म्हणून? आता कळलंय कुठल्या चिखलातून, तर सांगून टाका.’’

शुक्रवारी बैठकीला समितीचे अध्यक्ष दत्तात्रेय कडू होते. निवृत्त अभियंता, वागायला मऊ, आणि दीनाबाईंचे जुने चाहते. त्यांनी आधीच पुष्पगुच्छ मागवून ठेवला होता. दीनाबाई उभ्या राहिल्या आणि त्यांनी अहवाल उघडलाच नाही.

‘‘ही यादी मी मागे घेते,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तिवरं लाटांचा जोर मोडतात, ते खरं आहे, ती तोडू नका. पण बिळं ती बुजवत नाहीत. एकतीस हा आकडा तिवरांचा नाही. तो काळेखारच्या धोंडुबाईंच्या दोन हातांचा आहे. मी दोन वर्षं त्यांचे हात मोजले आणि झाडांच्या नावावर लिहिले.’’

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. मग त्यांनी सगळं सांगितलं. शनिवार, खुंट्या, कवचांचा ढीग, काहीही गाळलं नाही. सांगताना आवाज दोनदा फुटला तेव्हा त्या थांबल्या, पाणी प्यायल्या आणि पुढे बोलल्या. सगळीकडे पत्रं लिहून हा शोधनिबंध मागे घेणार असल्याचंही सांगितलं.

कडूसाहेब पुष्पगुच्छाकडे बघत होते. ‘‘बाई, सव्वीस वर्षं हो!’’ ते कळवळून म्हणाले. ‘‘हे आता सांगायलाच हवं होतं का? एखादी तळटीप टाकली असती.’’

‘‘तळटिपेने पाणी अडत नाही, साहेब.’’

यादी रद्द झाली. काळेखारच्या बांधाची डागडुजी मंजूरही झाली, पण पावसाळा संपल्यावर. रीतसर पाहणी, रीतसर कागद. आणि अमावास्या होती उद्या. दुपारी साडेबाराचं उधाण, वर्षातल्या मोठ्या उधाणांपैकी एक. दीनाबाईंनी विनवलं, टेबलावर हात आपटला, पण एका दिवसात माणसं उभी करणं कडूसाहेबांच्याही हातात नव्हतं.

संध्याकाळी रोह्याच्या घरात त्यांनी नेहमीसारखा शब्बाथचा दिवा लावला; त्यांचा शनिवार शुक्रवारच्या तिन्हीसांजेलाच लागायचा. पेल्यात पाणी, वर तेल, तेलात वात. वडील गेल्यावरही हा नेम चुकला नव्हता. दिव्यासमोर बसल्या असताना त्यांना एक जुना शनिवार आठवला. शेजारच्या पेंढ्याच्या उडव्याला आग लागली होती, आणि शनिवारी काडीलाही हात न लावणारे एलिजा रोहेकर बादली घेऊन सगळ्यांच्या आधी विहिरीवर पोहोचले होते. घरी आल्यावर आई साराने त्यांना आंघोळीचं पाणी काढून दिलं.

शनिवारी पहाटे दीनाबाई स्टेशनवर गेल्या. जन्मात पहिल्यांदा शनिवारी गाडीत बसल्या. किमया नागोठण्याला चढली. कुणी बोलावलं नव्हतं तिला.

पाणी अजून खाडीत खोल होतं. धोंडुबाईला पुंडलिकने मोटरसायकलवरून बांधापर्यंत आणून सोडलं, ‘‘नऊ वाजेपर्यंत हाय मी,’’ म्हणाला आणि पँट दुमडून चिखलात उतरला. धोंडुबाई उपड्या घमेल्यावर बसली आणि तिने काठीने कारभार सुरू केला.

‘‘तोंड लिंपू नको गो! तोंड लिंपलास तर तो आतून उघडतो. हात घाल. खांद्यापतूर घाल. तल लागला? आता पेंढा पील, चिखलात मल, नि आत ढकल. टाचेनं दाब. जोर नाय का अंगात?’’

एकोणसाठ वर्षांच्या, जगभर नावाजलेल्या दीनाबाई बांधावर पालथ्या पडल्या होत्या. हात खांद्यापर्यंत बिळात, गाल चिखलात. चौथ्या बिळात खेकड्याने बोट पकडलं तेव्हा त्या अशा किंचाळल्या की तिवरांतले बगळे उडाले. धोंडुबाई हसून हसून घमेल्यावरून पडायची बाकी राहिली.

‘‘दोन वरसं मोजलास,’’ ती म्हणाली, ‘‘आज वळख झाली!’’

दहा वाजता चढतं पाणी तिवरांत शिरलं. साडेअकराला ते बांधाच्या पायाला लागलं. पुंडलिक नऊला जाणार होता, तो गेलाच नाही, उलट मोबाइलवर कुणाकुणाला ओरडत होता. रात्रपाळी करून आलेले चारजण कंपनीच्या कपड्यांतच धावत आले. साडेबाराला पाणी बांधाच्या माथ्याच्या टीचभर खाली येऊन उभं राहिलं. सगळे आतल्या बाजूला भाताकडे तोंड करून ओल शोधत होते. एका ठिकाणी धार लागली, तिथे दोघे जण पेंढा आणि चिखल घेऊन अक्षरशः पडले. अर्ध्या तासाने पाणी बोटभर उतरलं, मग दोन बोटं. बांध उभा होता. किमया मटकन चिखलात बसली आणि हुंदके देऊन रडायला लागली. तिला कुणीही गप्प केलं नाही.

‘‘लिव की आता वहीत,’’ धोंडुबाई दीनाबाईंना म्हणाली. ‘‘किती बुजवली ती.’’

‘‘शनिवारी मी लिहीत नाही, मावशी.’’

धोंडुबाईने त्यांच्या चिखलाने भरलेल्या हातांकडे बघितलं, केसांतल्या पेंढ्याकडे बघितलं, आणि ती एकेक काडी काढायला लागली.

ती रात्र दीनाबाई त्याच पडवीत झोपल्या. रविवारी पहाटे उठून त्यांनी दोनशे पावलं चालत बिळं मोजली. बावीस. जुनी वही त्यांनी बरोबर आणली होती, शेवटची काही पानं कोरी होती. त्यांनी तारीख घातली, आकडा लिहिला. पुढे शेऱ्याच्या रकान्यात त्यांच्याच तेहतिसाव्या वर्षीच्या अक्षरात पानोपानी एकच शब्द होता, ‘आपोआप’. त्याच्या खाली त्यांनी सावकाश लिहिलं : धोंडुबाई, पुंडलिक, किमया, पाळीवरून आलेले चौघे, मी.

धोंडुबाई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. ‘‘पुडल्या शनवारी येशील?’’ तिने विचारलं.

‘‘शनिवार माझ्या देवाचा, मावशी,’’ दीनाबाई वही मिटत म्हणाल्या. ‘‘आयतवार ते शुक्रवार मी बिळं बुजवीन. माझ्या वाट्याला येईल तेवढा बांध मला मोजून दे.’’